टायगर मॉथ आणि राणीमाशी

ड्रोन हा शब्द आता आपल्या लग्नमंडपापर्यंत येऊन पोचला आहे. वरात निघाली की डोक्यावर घूं घूं करणारे यंत्र येते आणि मंडळी वर बघून हात हलवतात. इंग्रजीत ड्रोन म्हणजे नर मधमाशी. हे नाव या यंत्राला कसे पडले, त्यामागे एक गोष्ट आहे. ती सांगण्याआधी थोडी घरची पार्श्वभूमी द्यायला हवी, कारण हा लेख एका घरगुती वादातून निघाला आहे.

माझा भाचा पुण्याला असतो. वय पंचावन्न. गेली तीन वर्षे तो त्याच्या गच्चीवरच्या खोलीत टायगर मॉथ नावाच्या जुन्या दोन पंखी विमानाची प्रतिकृती बांधतो आहे. मूळ विमानाच्या एक चतुर्थांश आकाराची. पंखांची लांबी सात फूट चार इंच. बाजारात तयार संच मिळतात, त्यातले भाग जोडले की विमान तयार. पण याचे तसे नाही. याने मूळ विमानाचे आराखडे मिळवले, ते मोठे करून कागदावर उतरवले आणि बाल्सा लाकूड व पातळ प्लायवुड कापून प्रत्येक भाग स्वतः घडवला. या प्रकाराला त्या छंदातले लोक स्क्रॅच बिल्डिंग म्हणतात. आपल्या मराठी मुलांना हे समजावून सांगायची गरज नाही. दिवाळीतला किल्ला आपण असाच करतो. माती आपली, दगड आपले, चुलीतली राख आपली, फक्त मावळे तेवढे बाजारातले!

वाद असा की त्याची आई, म्हणजे आमची ताई, हिला हे अजिबात आवडत नाही. आमचे मेहुणे विमानवेधी तोफखान्यात होते. १९७१ चे युद्ध त्यांनी पाहिले. घरी आल्यावर त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि आता ते नाहीतही. ताईचे म्हणणे एका वाक्यात सांगतो. "ह्यांनी खरी विमाने पाडायचे काम केले, त्याचे ओझे शेवटपर्यंत वाहिले, आणि हा पोरगा पन्नाशी उलटल्यावर लढाईतली खेळणी करत बसलाय. तू मास्तर आहेस, तूच सांग त्याला." मी मास्तर खरा, म्हणून सांगण्याआधी वाचायला बसलो. वाचता वाचता जे सापडले ते इथे मांडतो.

सुरुवात एका होडीपासून करावी लागते. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने पाण्याच्या हौदात सुमारे चार फूट लांबीची एक लोखंडी होडी सोडली आणि कुठलीही तार न जोडता दुरून ती चालवून दाखवली. लोकांना वाटले, आत माकड बसवले असणार, नाहीतर ही जादू असणार. असे सांगतात की टेस्लाने प्रेक्षकांना होडीला प्रश्न विचारायला लावले. कुणी विचारले, ६४ चे घनमूळ किती? होडीवरचा दिवा चार वेळा लुकलुकला. उत्तर अर्थातच टेस्ला दुरून देत होता. गणित शिकवणाऱ्या कुणालाही ही गोष्ट आवडेल.

पण त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला जे पेटंट मिळाले, ते वाचले की हसू मावळते. त्यात टेस्लाने स्वच्छ लिहिले आहे की या शोधाचा सर्वात मोठा परिणाम युद्धावर होईल, आणि असे अस्त्र इतके अचूक व इतके संहारक असेल की राष्ट्रे कायमची शांत बसतील. म्हणजे रेडिओने चालणारे जगातले पहिले मॉडेल जन्माला आले तेच खेळणे आणि हत्यार अशी दोन्ही नावे घेऊन. शांततेबद्दलचा त्याचा अंदाज किती खरा ठरला हे आपण जाणतोच.

आता येऊ टायगर मॉथकडे. द हॅविलंड कंपनीचे हे विमान १९३१ साली पहिल्यांदा उडाले. लाकूड, धातूच्या नळ्या आणि वर ताणलेले कापड असा त्याचा संसार. हजारो वैमानिक यावर उडायला शिकले. दुसऱ्या महायुद्धात हैदराबादजवळ बेगमपेठला आणि जोधपूरला प्राथमिक उड्डाणाच्या शाळा होत्या, तिथे आपल्याकडच्या मुलांनीही याच विमानावर पहिले धडे गिरवले. एका अर्थाने ते विमानांतले बालवाडीचे विमान!

त्याच काळात ब्रिटिश नौदलापुढे एक अडचण होती. विमानवेधी तोफा चालवणाऱ्यांनी सराव करायचा कशावर? एक रीत अशी की विमानामागे लांब दोरीला कापडाची बाही बांधायची आणि तोफांनी तिच्यावर नेम धरायचा. पण ओढले जाणारे कापड म्हणजे काही सरळ अंगावर येणारे विमान नव्हे, आणि नेम चुकला तर ओढणाऱ्या वैमानिकाचे काय? यावर तोडगा निघाला तो १९३५ साली उडालेल्या क्वीन बी या विमानाचा. क्वीन बी म्हणजे राणीमाशी. टायगर मॉथचे पंख आणि त्याच कंपनीच्या मॉथ मेजर विमानाचे लाकडी धड असे जोडून ते बनवले होते. मागच्या आसनाच्या जागी रेडिओची यंत्रणा बसवली होती. जमिनीवरचा माणूस आपल्या जुन्या टेलिफोनला असायची तशी तबकडी फिरवायचा. तेवढे ठोके विमानाला पोचायचे आणि विमान ठरलेल्या आकड्याप्रमाणे वळायचे, चढायचे, उतरायचे. अशी चारशेच्या आसपास विमाने बनली. ती बनवली गेली मुळात पाडली जाण्यासाठी.

अमेरिकन नौदलाच्या एका अधिकाऱ्याने या विमानाचे प्रात्यक्षिक पाहिले आणि परत जाऊन तसाच प्रकल्प सुरू करायला सांगितले. ते काम डेल्मर फार्नी या अधिकाऱ्याकडे आले. त्याने १९३६ च्या सुमारास अशा विमानांसाठी ड्रोन हा शब्द वापरला. इंग्रजांची राणीमाशी, तर आमची नर माशी, असा त्यातला मान आणि विनोद होता असे सांगतात. म्हणजे लग्नाच्या वरातीवर उडणाऱ्या त्या यंत्राचे आजोळ टायगर मॉथच्या घरात आहे! भाच्याला हे फोनवर सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प झाला. आपण रेडिओने चालवायला म्हणून जे विमान निवडले, ते खरेखुरे विमानच एकेकाळी रेडिओने चालत होते, हे त्याच्याही ध्यानात आले नव्हते.

सरकारी कारखान्यांत हे चालले असताना घरोघरी काय चालले होते? अमेरिकेत मिशिगन राज्यात कॅलमझू नावाचे गाव आहे. तिथे वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ राहत. एकाला विमानांचा नाद, दुसऱ्याला रेडिओचा. दोघांनी मिळून आठ फूट पंखांचे गफ नावाचे मॉडेल बांधले आणि १९३७ मध्ये ते रेडिओवर उडवले. त्याच वर्षी डेट्रॉइटला अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेडिओ मॉडेलांचा गट पहिल्यांदाच ठेवला होता. तो चेस्टर लान्झो याने जिंकला. पुढच्या काही वर्षांत गुड बंधूंनी स्पर्धा गाजवल्या. त्यांचे ते विमान आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या वेळी व्हॅक्यूम ट्यूबचे रिसीव्हर, जड बॅटऱ्या आणि रबराच्या पिळावर चालणारी सुकाणूची यंत्रणा असे. ही यंत्रणा तयार विकत मिळत नसे; ती हातानेच करायची. स्क्रॅच बिल्डिंग हा तेव्हा छंदाचा एक प्रकार नव्हता, दुसरा मार्गच नव्हता.

तिसरी गोष्ट हॉलिवूडची. रेजिनाल्ड डेनी हा इंग्रज नट. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिशांच्या हवाई दलात होता. नंतर अमेरिकेत सिनेमात नाव कमावले. १९३४ च्या सुमारास त्याने हॉलिवूडमध्ये मॉडेल विमानांचे दुकान काढले. दुकान चालता चालता त्याच्या मनात आले की तोफांच्या सरावासाठी एवढे मोठे विमान कशाला वाया घालवायचे, मोठे मॉडेल का नको? वॉल्टर रायटर या इंजिन बनवणाऱ्याच्या मदतीने त्याने लष्करापुढे नमुने ठेवले. चार-पाच वर्षे खटपट केल्यावर लष्कराने मागणी नोंदवली आणि रेडिओप्लेन नावाची कंपनी उभी राहिली. सुमारे बारा फूट पंखांची ही लक्ष्यविमाने युद्ध संपेपर्यंत पंधरा हजारांच्या आसपास बनली. याच कारखान्यात एक तरुण मुलगी काम करत होती. १९४५ मध्ये डेव्हिड कॉनोव्हर नावाचा लष्करी छायाचित्रकार युद्धकामातल्या स्त्रियांचे फोटो काढायला तिथे आला. त्याने त्या मुलीचे फोटो काढले आणि तिचे आयुष्य बदलले. तिचे नाव नॉर्मा जीन. जग तिला मेरिलिन मन्रो म्हणून ओळखते. कॉनोव्हरला तिकडे पाठवणारा वरिष्ठ कोण, तर त्याच्याच सांगण्यानुसार कॅप्टन रोनाल्ड रेगन! इतिहास कधी कधी सिनेमापेक्षा जास्त योगायोग घडवतो.

इथवर वाचून मला मजा वाटत होती. पुढची गोष्ट वाचली आणि शिक्षक म्हणून थबकलो.

१९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने आणि शिक्षण खात्याने मिळून देशातल्या शाळांना एक काम दिले. पन्नास प्रकारच्या लढाऊ विमानांची प्रत्येकी दहा हजार, म्हणजे एकूण पाच लाख लाकडी मॉडेले मुलांनी करून द्यायची. प्रमाण एकास बहात्तर, म्हणजे एक इंच बरोबर सहा फूट. ही मॉडेले काळी रंगवायची. कशासाठी? सैनिकांना नुसत्या आकारावरून आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे ओळखता यावे म्हणून. ३५ फुटांवर धरलेले मॉडेल डोळ्याला सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. हिशेब करून पाहा, ३५ गुणिले ७२. बाल्सा लाकूड तेव्हा युद्धासाठीच लागत होते (ब्रिटिशांचे मॉस्किटो हे लढाऊ विमान बाल्सा आणि बर्च प्लायवुडचे होते), म्हणून मुलांनी पाइनसारखे लाकूड तासले. सुतारकामाच्या तासाला पोरे शत्रूची बाँबफेकी विमाने कोरत होती आणि गुरुजी पट्टी लावून पंख तपासत होते.

याच सुमाराला आपल्याकडे काय घडत होते? ऑक्टोबर १९३७ मध्ये, म्हणजे गुड बंधूंचे विमान उडाले त्याच वर्षी, वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा विचार पुढे आला. मुलाने हाताने काही घडवावे आणि त्या घडवण्यातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकावे, हे त्याचे सार. तिथे टकळी होती, इथे विमान. पण शिकवण्याची रीत बघितली तर फरक फार नाही. मोजमाप, प्रमाण, चिकाटी, बोटांतला नेमकेपणा, दोन्हीकडे तेच. माझ्या नोकरीच्या काळात शाळेत कार्यानुभव नावाचा विषय असायचा. त्या तासाला मुले खुश असत, आणि वर्गात मान खाली घालून बसणारा एखादा मुलगा तिथे सगळ्यांचा गुरू व्हायचा. हात काय शिकतो हे मी पाहिलेले आहे. म्हणूनच प्रश्न जास्त टोचतो. हाताला कौशल्य देणे मास्तरच्या हाती असते. त्या कौशल्याचे पुढे काय करायचे हे बहुधा दुसराच कुणी ठरवतो.

भाच्याच्या खोलीत मी चार दिवस राहिलो तेव्हा हे कौशल्य जवळून पाहिले. मला त्यातले जे कळले ते सांगतो, कारण यात शाळेतले एक सुंदर गणित आहे. विमान एक चतुर्थांश केले की लांबी चौपट कमी होते. पण पंखांचे क्षेत्रफळ चारच्या वर्गाने, म्हणजे सोळापट कमी होते, आणि वजन चारच्या घनाने, म्हणजे चौसष्टपट. खऱ्या टायगर मॉथचे भरलेले वजन सुमारे ८३० किलो. त्याचा चौसष्टावा भाग म्हणजे तेरा किलो. पंखाच्या दर चौरस फुटावरचा भार त्यामुळे खऱ्याच्या चौथ्या हिश्श्याएवढाच राहतो, आणि हवेत तरंगून राहायला निम्मा वेग पुरतो. (वेग हा भाराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो.) पण गंमत अशी की आकार चौथा हिस्सा आणि वेग निम्मा, म्हणजे बघणाऱ्याला ते खऱ्यापेक्षा दुप्पट घाईत चालल्यासारखे दिसते. मॉडेल जितके लहान, तितकी ही घाई जास्त आणि वाऱ्याचे धक्केही जास्त. म्हणून या लोकांना मोठ्या मॉडेलचा सोस. मोठे विमान आकाशात विमानासारखे वागते. ६४ चे घनमूळ पुन्हा भेटले बघा!

बांधणीची रीत अशी. आधी आराखडा पाटावर ठेवून त्यावर मेणकागद, त्यावर लाकडी पट्ट्या टाचणीने रोवायच्या. पंखाच्या फासळ्या एकसारख्या हव्यात म्हणून दोन प्लायवुडच्या साच्यांमध्ये बाल्साचे तुकडे दाबून एकदमच तासायच्या. मग कणा, फासळ्या, पुढची कड, मागची कड. डावा आणि उजवा पंख तोलून पाहायचा. दोन्हींत थोडासा फरक असला तरी भाचा पुन्हा घासायला बसे. वर कापड ताणायचे आणि खऱ्या विमानावर शिवण असते तशी शिवण दोऱ्याने उमटवायची. सुकाणू हलवायला आत सर्वो नावाच्या छोट्या मोटरी. पूर्वी रेडिओच्या ठरावीक वाहिन्या असत आणि मैदानावर दोघांनी एकच वाहिनी लावली तर विमान कोसळे. म्हणून फलकावर आपल्या वाहिनीची खुंटी किंवा चिमटा घेतल्याशिवाय कुणी ट्रान्समीटर चालू करायचा नाही असा दंडक होता. आता २.४ गिगाहर्ट्झचे संच आले आणि तो धोका जवळजवळ संपला.

अशा मोठ्या मॉडेलांनी सिनेमातही कामे केली आहेत. १९६९ च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन' या चित्रपटात सूर मारणारी जर्मन श्टुका विमाने दिसतात, ती रेडिओवरची मॉडेले होती, कारण उडण्याजोगे खरे श्टुका उरलेच नव्हते. जी विमाने युद्धाने संपवली ती या छंदाने निदान पडद्यावर तरी पुन्हा उडवली.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. २०२२ साली सुरू झालेल्या युक्रेनच्या युद्धात छंदाच्या दुकानातलेच सुटे भाग, म्हणजे चार पंख्यांची चौकट, कॅमेरा आणि डोळ्यांवरचा चष्मा, जोडून बनवलेली ड्रोन मोठ्या संख्येने वापरली गेली. ती जोडणाऱ्यांत घरच्या टेबलावर बसलेले स्वयंसेवकही होते. रेजिनाल्ड डेनीच्या दुकानातून निघालेली वाट आता उलट्या दिशेने घरात शिरली. राणीमाशी स्वतः गोळी खायला उडायची. तिची आजची नातवंडे मात्र माणसे शोधत जातात. हे वाचले तेव्हा ताईचे म्हणणे मला पहिल्यासारखे भाबडे वाटेना.

मग मी भाच्याला काय सांगितले? थांब असे सांगितले नाही. त्याचे कारण मला त्या मैदानाच्या एका साध्या नियमात सापडले. मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यातच उडवायचे. आपल्या देशाच्या २०२१ च्या ड्रोन नियमांतही मॉडेल विमानाच्या व्याख्येत दोन गोष्टी आहेत. वजन पंचवीस किलोपर्यंत आणि उड्डाण नजरेच्या टप्प्यात. शस्त्राचा सगळा प्रवास याच्या उलट आहे. ते दरवर्षी चालवणाऱ्याच्या नजरेपासून लांब लांब जाते, आणि जेवढे लांब जाते तेवढे चालवणाऱ्याला त्याचे परिणाम कमी दिसतात. भाचा मात्र मान वर करून स्वतःच्या तीन वर्षांच्या कष्टाखाली उभा राहणार आहे. ते पडले तर त्याच्या डोळ्यांदेखत पडेल. जो असे यंत्र स्वतः घडवतो त्याला ते पाडणे म्हणजे काय हे थोडेतरी कळत असावे.

हे उत्तर ताईला पूर्ण पटलेले नाही. ती म्हणाली, "तुझ्या पोरांना कळत असेल, कारखान्याला कुठे कळतं?" याचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि तिचा मुद्दा बिनतोड आहे. पण त्याच बोलण्यात तिने एक गोष्ट सांगितली जी मला साठ वर्षांत माहीत नव्हती. सरावाच्या वेळी मेहुण्यांच्या तुकडीने ओढलेली कापडी बाही अचूक टिपली की सगळे ओरडत. हे मात्र आधी त्या पुढच्या विमानाकडे बघत, ते नीट चालले आहे ना म्हणून. एवढेच त्यांनी तिला एकदा सांगितले होते.

भाच्याने आता ठरवले आहे की विमान पिवळ्या रंगाचे, शिकाऊ वैमानिकांचे करायचे. टायगर मॉथ एकटा माणूस चालवतो तेव्हा तो मागच्या आसनावर बसतो, तिथे एक लहानसा पुतळा बसणार आहे. राणीमाशीत त्याच जागी यंत्र होते. उड्डाण पावसाळ्यानंतर, गवत वाळले की.

आपल्यापैकी कुणी एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग केले असेल, किंवा घरात कुणी तोफखान्यात होते असे असेल, तर आठवणी जरूर कळवा. विशेषतः नातेवाईक मंडळींनी. मेहुण्यांचे त्या काळातले काही कुणाला ठाऊक असेल तर ताईला ऐकायला आवडेल. ती स्वतः तसे म्हणणार नाही, पण मी तिचा भाऊ आहे.